आभाळाची चुंबळ

वखारीत त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. पोतं नुसतं पाठीवर आलं, की गडी वजन सांगायचा, आणि मग खऱ्या काट्यावर चढवलं तरी फरक अर्ध्या किलोच्या आत. चाळीस वर्षं धान्य वाहून मानेखाली बैलाच्या वशिंडासारखा घट्टा आला होता. लेकीला शिकायला घातलं तेव्हा एवढंच बोलला होता, “या घरातलं शेवटचं ओझं माझ्या पाठीवर. पुढं कुणी वाहायचं नाही.”

आणि त्याच लेकीनं, दवाखान्याच्या खाटेवर बसून, चार दिवसांच्या पोराला नाव शोधलं ते काय, तर अ‍ॅटलास.

“अगं, ते नकाशाच्या पुस्तकाचं नाव!” काट्याची बायको म्हणाली. “याच्या पाठीवर पोरगी झाली तर काय, कंपासपेटी?”

जावई हसला. त्याच्या हातात जन्मनोंदीचा कागद होता. दुपारी घरी सोडायच्या आत भरून द्यायचा होता. “पुस्तकाला नाव मागाहून पडलं, मामी. मूळचं ग्रीक पुराणातलं. अर्थ पेलणारा, सोसणारा. हा देवांशी लढाईत हरला. मग देवांच्या राजानं शिक्षा दिली, की आभाळ खांद्यावर घेऊन उभा राहा. खाली ठेवायचं नाही.”

काट्याचं तोंड उतरलं. “म्हणजे हमाल. आणि हमालीही शिक्षेची. नाही लिहायचं.”

“हमालच. म्हणून तर सुचलं,” लेक म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार, आबा. पण गोष्ट पुरती ऐका.”

“सांग. ऐकून काय कान झिजतात?”

ती सांगू लागली. हेराक्लीस नावाच्या एका बलदंड गड्याला सोन्याची सफरचंदं हवी होती. अ‍ॅटलास म्हणाला, मी आणून देतो, तोवर आभाळ तू धर. गेला, फळं घेऊन आला. पण मोकळ्या खांद्यांची चव लागलेली! म्हणाला, आता तूच राहा उभा, फळं पोचवायला मी जातो. हेराक्लीस म्हणाला, राहतो की! फक्त डोक्यावर फडक्याची चुंबळ करून घेतो, तेवढं घडीभर धर. यानं फळं खाली ठेवून आभाळ घेतलं, आणि तो फळं उचलून जो पसार झाला...

“थांब!” काटा ताडकन उठला. शेजारच्या खाटेवरची बाळंतीण दचकली. “चुंबळीचं निमित्त करून फसवलं?”

“हो.”

“अगं, वखारीत दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले असोत, ओझ्याखालून कुणी ‘चुंबळ सरकली’ म्हणून ओरडला, तर वैरीसुद्धा धावत येऊन खांदा देतो. त्यात कुणी खोटं बोलत नाही. आणि हा...” तो थांबला. “म्हणजे तेव्हापासून तो बिनचुंबळीचा उभा आहे?”

“गोष्टीत तरी तसंच आहे.”

काटा खिडकीशी गेला. पाण्याच्या टाक्यांवर, तारांवर आभाळ पसरलं होतं. उभ्या जन्मात त्यानं ते नीट पाहिलं नव्हतं. पोत्याखालच्या माणसाला पुढच्याच्या टाचा दिसतात. आता तो हमालाच्या नजरेनं बघू लागला. धरायला कोपरा नाही. टेकवायला ओटा नाही. किती भरेल? मानेखालचा घट्टा शिरशिरला. पहिल्यांदाच त्याला अंदाज येईना.

“आणि टाकलं नाही त्यानं,” तो हळूच म्हणाला. “एवढा फसला, तरी टाकलं नाही. टाकलं असतं तर आपण कुठं असतो?”

 

काट्यानं खांद्यावरचं धुवट फडकं काढलं. पीळ घातला, गोल गुंडाळलं, टोक आत खोचलं. बोटं सवयीनं चालली, फक्त चुंबळ या वेळी मुठीएवढी झाली. नातवाचं डोकं अलगद उचलून त्यानं ती खाली सरकवली.

“लिही,” तो जावयाला म्हणाला. “पण मोठा झाल्यावर गोष्ट मी सांगणार. आणि तो चुंबळवाला भेटू दे एकदा...”

“आबा, पुराण आहे ते.”

“असू दे. भेटला तर बघतोच त्याला.”

बायकोनं पोर उचलून त्याच्या हातांवर ठेवलं. “सांगा काटेबुवा, किती भरतं?”

काट्यानं हात जरा वर घेतले, खाली घेतले. डोळे मिटून पुन्हा घेतले.

“नाही कळत,” तो म्हणाला, आणि खिडकीतून वर बघत राहिला.