दादांची दस्ती आणि विमानातली पहिली रांग

दोन हजार सातचा मे महिना. हैदराबादचं विमानतळ... आणि विमानाच्या दारात उभे राहून आमचे दादा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला हाका मारत होते. "सुमे, ये लवकर! जागा धरून ठेवली हाय!"

मी खाली, जिन्याच्या रांगेत. दोघांच्याही बोर्डिंग पासवर सीट नंबर छापलेले होते हो... पण वडिलांना कोण सांगणार?

आमच्या वसमतच्या स्टँडवर एसटी लागली की खिडकीतून दस्ती टाकायची. दस्ती म्हणजे हातरुमाल. ज्याची दस्ती त्याची जागा, मग समोर कुणी का असेना. दादांनी धरलेली जागा कुणाला सोडलेली मी जन्मात बघितली नव्हती. एकदा तर चांगल्या काळ्या कोटातल्या वकिलाला उठवलं होतं त्यांनी.

यावेळी मात्र त्यांना जागेची खरंच गरज होती. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा वाकतच नव्हता. दिल्लीत माझ्या भावाला लग्नानंतर दहा वर्षांनी मुलगी झालेली... बारशाला आजोबा पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, असा त्याचा हट्ट. रेल्वेने दीड दिवस जायला डॉक्टरांनी नाही म्हटलं, म्हणून भावाने पोटाला चिमटा घेऊन विमानाची तिकिटं पाठवली. सगळ्यात स्वस्तातली.

पायाचं आधी कळवायचं असतं, जागा आधी निवडता येते... यातलं आम्हा बहीणभावाला काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, विमान म्हणजे ऐसपैसच असणार! काउंटरवर एकोणिसाव्या रांगेतल्या दोन जागा मिळाल्या, त्या मी आनंदाने घेतल्या. मास्तरीण असून इतकी अक्कल.

दादांना लंगडताना बघून स्टाफने आधी वर सोडलं. आत शिरल्याबरोबर त्यांना काय दिसलं असेल? पहिलीच रांग, रुंद खुर्च्या, पाय पसरायला अंगण... आणि एकही माणूस नाही. त्यांनी खिशातली हळदीने पिवळी पडलेली दस्ती काढून टाकली सीटवर, आणि मला सांगायला दारात आले.

मी वर पोचले तेव्हा हवाईसुंदरी त्यांना समजावत होती की ही बिझनेस क्लासची जागा आहे. दादा तिला विचारत होते, "काहून? दस्ती दिसंना का तुमाला?"

मग आम्ही मागे गेलो. एकोणिसाव्या रांगेत दादा आडवे झाले, तिरके झाले, पण तो पाय काही आत जाईना. वाटेत पाय ठेवायची परवानगी नाही. इमर्जन्सी दाराजवळ मोकळी जागा होती, पण पाय धड नसलेल्याला ती देत नाहीत म्हणे. शेवटी ती हवाईसुंदरी बिचारी हळूच म्हणाली, बसता येत नसेल तर उतरावं लागेल...

आणि मी काय केलं? दादांवरच खेकसले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं दस्त्या टाकत फिरायला? लोक हसतायत!" त्या दस्तीचा आणि पायाचा काहीएक संबंध नव्हता. लाज माझी होती. नातीची कुंची ठेवलेली पिशवी छातीशी धरून दादा दाराकडे चालायला लागले.

पुढे पहिल्या रांगेजवळ सुती साडीतल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. जागा त्यांची, आणि दस्ती अजून तिथंच. त्यांनी ती उचलली नव्हती, हातसुद्धा लावला नव्हता. "ये दस्ती किसकी है?"

"मेरी है," दादा म्हणाले. "उठाताव, अम्मा."

"काय कू उठाते? हमारे निजामाबाद में भी दस्ती डाले सो जागा पे कोई नै बैठता. बैठो तुम."

हवाईसुंदरीने नियम सांगून बघितला. बाईंनी ठणकावलं, माझी सीट मी ज्याला देईन त्याची, मी जाते मागे. ती वरच्या अधिकाऱ्याला विचारून आली, आणि झालं की हो!

दोन तास त्या बाई माझ्या शेजारी, एकोणिसाव्या रांगेत अंग चोरून बसल्या. त्यांनीच मला सगळं समजावलं. महागड्या तिकिटाला हवी ती जागा आधीच निवडता येते, स्वस्त तिकिटाला उरलीसुरली, पण पायाचं आधी कळवलं तर कंपनी सोय बघते. त्यांनी आपली जागा तिकीट काढलं त्याच दिवशी निवडलेली... त्यांचेही गुडघे दुखायचे. हे त्यांनी सांगितलं नाही. दिल्लीत उतरताना त्यांना उठायला मी हात दिला, तेव्हा मला कळलं.

बारसं झालं. आजोबांनी नातीला कुंची घातली, ती रडली, सगळं रीतसर.

परतीच्या विमानात भावाने आधीच कळवून पुढची जागा मिळवली. हैदराबादहून नांदेडला आलो, तिथल्या स्टँडवर वसमतची एसटी लागली, आणि मी खिडकीतून दस्ती टाकून दादांना दाराजवळची, पाय पसरता येईल अशी जागा धरली. मागून लेकरू काखेत घेतलेली एक बाई चढली. दस्ती बघून ती मुकाट्याने पुढे सरकली.

दादांनी दस्ती उचलली. "बस माय. मलाबी एकीनं दिली व्हती."

त्या निजामाबादच्या बाईंचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं, आभारही धड मानले नाहीत. पण वकिलाला उठवणारे आमचे दादा वसमत येईपर्यंत दांडा धरून, ताठ पायावर उभे होते... आभार त्यांनीच मानले.