जाळीचे दोन बोल्ट

"अन् नाय थांबलं तर?"

मामा हे विचारताना डोकं जरा तिरकं करायचे आणि बोटं पँटला पुसायचे, मग ती स्वच्छ असोत की तेलकट. प्रश्न मशीनबद्दलच असेल असं नाही. टेम्पो चारला येईल म्हटलं, की "अन् नाय आला तर?" माझ्या मुलीच्या बारशाला आले, तेव्हा बाळाला बघायच्या आधी स्वयंपाकघरात शिरून गॅसची नळी बघून आले. बायको मला म्हणाली, "यांना जेवायला बोलावलंय की तपासणीला?"

तुम्ही कधी जालना रोडवरून चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत वळला असाल, तर पत्र्याच्या शेडमधून येणारा धप्-धप् आवाज ऐकला असेल. त्यातला एक आवाज माझा. दोन पॉवर प्रेस, सात माणसं आणि गिऱ्हाईक एकच. एका मोठ्या कंपनीला आम्ही पत्र्याच्या पट्ट्या दाबून द्यायचो. मामा कन्नडकडचे. साखर कारखान्यात फिटर होते, तिथून माझ्याकडे सुपरवायझर म्हणून आले आणि सगळ्या शेडचे मामा झाले. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे, तरी मला शेठच म्हणायचे.

एकदा कंपनीनं आम्हा छोट्या कारखानदारांना हॉटेलात बोलावून धोके कसे ओळखावेत ते दिवसभर शिकवलं. जेवण फार छान होतं. मी जाडजूड फाईल घेऊन परतलो. मामांनी ती पुढून-मागून चाळली.

"शेठ, यात आपल्या मोठ्या प्रेसचं काय लिवलंय?"

काहीच नव्हतं. फाईल कपाटात गेली. खरं सांगायचं तर मला मामांचा कंटाळा येऊ लागला होता. रस्त्यातला खड्डा कुणी सारखा दाखवू लागलं, की राग खड्ड्याचा येत नाही, दाखवणाऱ्याचा येतो.

मोठ्या प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायची. हात आत जाऊ नये म्हणून. खंडेनवमीला मात्र आम्ही ती काढायचो, म्हणजे आतल्या डायला, पत्रा दाबणाऱ्या साच्याला, थेट हळद-कुंकू लावता यायचं. दर वर्षी काढलेले चारही बोल्ट मामा रुमालात बांधून खिशात ठेवत. त्या वर्षी ते घरच्या पूजेला गावी गेले होते. आम्ही बोल्ट पूजेच्या ताटातच ठेवले. निर्माल्य उचलताना झेंडूबरोबर दोन बोल्ट गेले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीचा फोन आला. चारपर्यंत माल पोचला नाही, तर त्यांचं काम थांबणार होतं आणि आमची ऑर्डर दुसऱ्याला जाणार होती. टेम्पो दारात उभा. मी प्रेसपाशी गेलो, तर मामांनी मेन स्विच पाडलेला.

"जाळीचे दोन बोल्ट नायत, शेठ."

"बोल्टचं दुकान सणामुळं बंद आहे, उद्या उघडेल. आज तारेनं बांधा."

"तार हादऱ्यानं ढिली व्हती. लई झालं तर घंटाभर टिकंल."

"मामा, आज काम गेलं तर सात घरं बसतील!"

"व्हय. मंग तुम्ही बसा मशीनवर."

सगळे बघत होते. मी बाह्या सरसावल्या. तार गुंडाळली, स्विच चढवला, स्टुलावर बसलो आणि पट्टी उचलली. जाळीच्या खालच्या फटीतून ती आत सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, एवढंच काम. जाळी एका अंगाला हलत होती. माझा हात फटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुन्हा नेला. पुन्हा थांबला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी उठलो. आणि जे करायला नको होतं, तेच केलं.

"मामा, उद्यापासून येऊ नका," मी म्हणालो. "सोमीनाथ, बस मशीनवर."

मामांनी डबा उचलला. सोमीनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले. सोमीनाथ आमचा सगळ्यात चपळ ऑपरेटर, गंगापूरहून रोज जीपनं यायचा. त्यानं चारच्या आत माल काढला. मी स्वतःवरच खूश झालो.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. बोल्ट आणायचे राहिले. नवा सुपरवायझर फार गुणी होता, मी म्हणेन त्याला हो म्हणायचा. रोज सकाळी तार आवळायचा.

दिवाळीच्या आधीच्या गर्दीत एका दुपारी तार सुटली, जाळी घसरली. अडकलेली पट्टी काढायला सोमीनाथनं हात घातला आणि प्रेस न थांबता पुन्हा खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

बातमी कन्नडपर्यंत कशी पोचली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दवाखान्यात हजर. मी बाकावरून उठलो. वाटलं, आता बोलतील. बोलायलाच हवं होतं. ते माझ्यासमोरून आत गेले. सोमीनाथच्या उशाशी बसून त्याला चमच्यानं चहा पाजला. त्याची बायको रडत होती, तिला म्हणाले, "पोरी, तू बी दोन घास खा." मग बाहेर आले. माझ्याशी एकच वाक्य बोलले.

"शेठ, मशीन बंद हाय का?"

मला खोटं बोलता आलं नाही. सोमीनाथला गाडीत घालतानाच मी नव्या सुपरवायझरला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी बसव, माल जाऊ दे. मान खाली घालून म्हणालो, "चालू आहे."

मामा जिना उतरून गेले.

मला शेडवर जायला दुपार झाली. वळणावर आमचा आवाज आला नाही. माणसं बाहेर पायरीवर बसली होती, टेम्पो रिकामा उभा.

"मामा आल्ते," एक जण म्हणाला. "मेन स्विच पाडला, आमाला बाहेर बसिवलं. आत्ताच गेले."

नवा सुपरवायझर घाईनं पुढे आला. "चालू करू का शेठ? टेम्पो थांबलाय."

"नको," मी म्हणालो. टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं.

मग जालना रोडपर्यंत अक्षरशः धावलो. माफी मागायची होती, की त्यांनी मला एकदा कचकचीत शिवी हासडावी असं वाटत होतं, मला आजही ठाऊक नाही. भरलेल्या रिक्षा एकामागून एक सुटत होत्या. मी प्रत्येकीत वाकून बघत राहिलो. मामा कुठल्याच रिक्षात नव्हते.