भाकर करणाऱ्या विजयमालाआक्का

आमच्या माधवनगरच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा नि द्राक्षरस घेतात. त्याची बिनखमिराची भाकर तीस वर्षं विजयमालाआक्का करत आल्या. गव्हाची, जाड, मंद आचेवर भाजलेली. काळ्या मनुका उकळून, गाळून द्राक्षरसही त्याच करायच्या. पण भाकरीचं तबक फिरायला लागलं की आक्का मागच्या दाराने बाहेर. पेले धुवायचेत, म्हणायच्या. पेले तर अजून भरलेलेच असायचे!

"मी खात न्हाई गं," एकदा त्यांनीच मला सांगितलं. लग्नानंतर त्या दुष्काळी जतकडे राहायच्या. पाण्याचा टँकर आला की नुसती झुंबड. एका दुपारी आपली घागर पुढे सरकवायला त्यांनी पुढच्या बाईला ढकललं. ती गरोदर होती. पडली, आणि तिचं मूल गेलं.

"तवापास्नं राबतीच हाय. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मयत. देवाम्होरं रिकाम्या हातानं कसं जायचं? पर पुरं झालं असं कवाच वाटत न्हाई."

पापातून तारण देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या कामांनी नाही, हे बायबलमधलं वचन मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "व्हय, पाळकसाहेब बी सांगत्यात. ते तुमच्यासारक्यांसाटी."

सत्तरी ओलांडलेली बाई. हे मनात घेऊनच जाणार की काय, असं मला वाटायचं. रोज प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचे.

या महिन्यात आक्का न्हाणीत घसरल्या नि उजवा हात मोडला. भाकर माझ्यावर आली. एका बाजूने करपली, मधे फुगली. आक्कांनी तबकावरचं फडकं उचलून पाहिलं. "आगं, ही भाकर हाय का कौल?"

प्लास्टरमधल्या हाताने पेले कसे धुणार? बाहेर जायला निमित्तच उरलं नाही. माझ्याशेजारी बाकावर बसून राहिल्या. पाळकसाहेब तबक घेऊन आले, तशी त्यांनी माझी मांडी घट्ट धरली.

"आज मी कायबी आणलं न्हाई गं."

"आणायचं नसतंच, आक्का. नुसतं घ्यायचं."

पाळकसाहेब पुढे गेले नाहीत, तबक धरून तिथेच उभे राहिले. मागची मंडळी माना उंचावून बघायला लागली. मग आक्कांचा डावा हात वर आला नि त्यांनी एक तुकडा घेतला. कितीतरी वेळ चघळत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझेच डोळे भरले होते.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मधी कच्ची हुती."

आज मंगळवार. आक्कांसाठी डबा घेऊन गेले, तर आक्का शेजारच्या बाळंतिणीकडे. तिचं तान्हं मांडीवर घेऊन डाव्या हाताने थोपटत होत्या.

"अहो आक्का, आता तरी हाताला विसावा द्या की!"

"आदी भ्या वाटायचं म्हणून करत हुते," बाळावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आता गोड हाय म्हणून घेतलंय. बग की, कसं हासतंय."