लेबल न लावलेली वाईन

हॉटेलात त्यांना सगळे नाकवाले म्हणत, आणि ते नाव त्यांनी पदवीसारखं मिरवलं होतं. हॉटेलच्या तळघरात वाईनच्या बाटल्या सांभाळायच्या, गिऱ्हाइकाला शोभेल ती निवडायची आणि वर पाठवण्याआधी बूच काढून तिचा वास घ्यायचा, हे त्यांचं काम. नासलेली वाईन आधी नाकाला कळते. नाकवाले बाटली हातात घेत, लेबल वाचत, मग डोळे मिटून ग्लासात नाक खुपसत आणि सांगत, "चेरी, काळी मिरी, मागे थोडं जुनं चामडं." ऐकणारे वेटर चाट पडत. घरी बायको मात्र म्हणे, नाकाने कांदे सोलून झाले असतील तर जेवायला बसा.

ही बायको शिवणकाम करणारी, वाईनचा थेंबही कधी न चाखलेली. त्यामुळे परदेशातल्या वायनऱ्या बघायला जाऊ या, असं तिनेच काढलं तेव्हा नाकवाल्यांना नवलच वाटलं. ते स्वतः आजवर 'निवृत्त झालो की' एवढंच म्हणत आले होते. ती म्हणाली, नंतरबिंतर काही नाही, याच वर्षी. का, ते सांगेना. नाकवाल्यांनीही खोदून विचारलं नाही. आयता लाडू तोंडाशी आल्यावर चौकशा कोण करतो?

मग जेवणाचं टेबल नकाशाने बळकावलं आणि ताटं ओट्यावर गेली. नाकवाल्यांनी वायनऱ्यांचा क्रम लावला तो रस्त्याप्रमाणे नाही, चवीप्रमाणे. आधी हलक्या पांढऱ्या, मग गुलाबी, सगळ्यात शेवटी जड लाल. लाल आधी प्यायली की पांढरीची चव लागत नाही, हा धंद्यातला नियम. बायकोने नकाशावर बोट फिरवून दाखवलं की अशाने एकाच नदीवरून सारखं इकडून तिकडे जावं लागेल. नाकवाले म्हणाले, नदीची काही हरकत नसावी. झालं, तिने कपाळाला हात लावला आणि तिकिटं तशीच काढली.

तिकडे गेल्यावर तसंच झालं. पुलावरून जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर त्यांना ओळखू लागला, हात करू लागला. पण नाकवाल्यांची स्वारी खुशीत होती. प्रत्येक वायनरीत कोणीतरी बाटली पुढे करी, ते लेबल वाचत, ग्लास फिरवत, नाक घालत आणि बोलायला लागत; यजमान माना डोलवत. बायकोला धक्का बसला तो एकाच गोष्टीचा. इतकं कौतुक करून घोट शेवटी भांड्यात थुंकायचा? मग बनवायची तरी कशाला, असं ती प्रत्येक ठिकाणी विचारत राहिली.

शेवटची वायनरी जड लाल वाईनची. मालकीणबाई धिप्पाड, हसऱ्या, हाताला द्राक्षांचे डाग पडलेल्या. तळघरात दुतर्फा लाकडी पिंपं होती. इथली रीत वेगळी आहे, त्या म्हणाल्या. बाटली नाही, लेबल नाही. वाईन थेट पिंपातून द्यायची आणि पाहुण्याने नुसत्या वासावरून तिच्याबद्दल सांगायचं. नाकवाल्यांनी बाह्या सरसावल्या. आयुष्यभर वाट पाहिली होती ती याच परीक्षेची.

बाईंनी काचेच्या नळीने ग्लासात वाईन सोडली. नाकवाल्यांनी डोळे मिटून श्वास घेतला.

काहीच नाही.

त्यांनी ग्लास फिरवला, पुन्हा नाक घातलं. ग्लासात पाणी असतं तरी काहीतरी आलं असतं, असं त्यांना वाटलं. बाई वाट बघत होत्या, म्हणून ते म्हणाले, लाल फळं, थोडं लाकूड. तळघर लाल वाईनचं, पिंप लाकडाचं. तेवढं कोणीही सांगेल. दुसऱ्या ग्लासालाही त्यांनी असंच काहीतरी ठोकून दिलं. मग तिसरा ग्लास आला. तोवर त्यांना दरदरून घाम फुटला होता. त्यांनी ग्लासात पार नाक बुडवलं, लांब श्वास ओढला आणि म्हणाले, "वा, फारच नाजूक. जांभळी फुलं आहेत यात."

त्यांनी डोळे उघडले. बायको पाच हात लांब उभी होती आणि तिने पदर नाकाला लावला होता.

"अहो," ती म्हणाली, "व्हिनेगर आहे ते."

बाईंचा चेहरा पडला. तिसरा ग्लास ही त्यांच्याकडची गंमत होती. एक आंबलेलं पिंप त्या मुद्दाम ठेवत. पाहुणा वास घेताच झटक्याने मान मागे घेई आणि सगळे मिळून हसत. आजवर मान मागे न घेणारा पाहुणा त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या पुन्हापुन्हा माफी मागायला लागल्या.

बाहेर अंगणातल्या बाकावर नाकवाले मटकन बसले. समोर वेलींची पानं खुडणारी माणसं होती. नाकवाल्यांनी आधी आपला तळहात हुंगला, मग शर्टाची बाही, मग खाली वाकून मूठभर माती. सगळं सारखंच होतं. अलीकडे हॉटेलात काही बाटल्या बुरसट म्हणून परत आल्या होत्या आणि यांनी गिऱ्हाइकाचीच अक्कल काढली होती. आपण इतके दिवस लेबल वाचत होतो, दुसरं काही करत नव्हतो, हे त्यांना आता कळलं.

बायको शेजारी येऊन बसली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या लांबलेल्या सर्दीपासून तिच्या लक्षात आलं होतं. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते. एकदा गॅस उघडा राहिला होता. तिने धावत जाऊन खिडक्या उघडल्या, आणि यांनी विचारलं होतं की वारा कशाला आत घेतेस. नोकरीच्या भीतीने लपवताहेत, असं समजून ती गप्प राहिली. हॉटेलला कळण्याआधी, मानाने, एकदा हे सगळं बघून होऊ दे, म्हणून तिने घाई केली.

"मला माहीत नव्हतं गं," नाकवाले म्हणाले. "खरंच नव्हतं."

आता हादरायची पाळी तिची होती.

तेवढ्यात नाकवाल्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांची मुलगी होती, या वसंतात बाळंत झालेली. पडद्यावर आधी ती दिसली, मग तिच्या खांद्यावर नुकतं न्हाऊन गुलाबी झालेलं बाळ. आज काय काय हुंगलंत बाबा, असं विचारून उत्तराची वाट न बघता ती बोलत सुटली. याला न्हाऊ घातलं की मला रोज तुमचं बोलणं आठवतं, ती म्हणाली. जन्मला त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही याच्या टाळूला नाक लावून म्हणालात ना, अगदी तुझ्यासारखाच वास आहे. मी किती रडले होते.

नाकवाल्यांना ती खोली जशीच्या तशी दिसली. पांढरं दुपटं, हातातलं ते ऊबदार वजन, आणि वाकून घेतलेला श्वास. त्या श्वासात काय आलं होतं, ते त्यांनी आठवून पाहिलं.

बायकोने फोन काढून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"तो तुझा वास होता, बाळा," ते म्हणाले. "तू तान्ही होतीस तेव्हाचा. याचा मला अजून आलेलाच नाही."