मोगऱ्याला कूलरचं पाणी

उन्हाळ्यात झाडं जगवायची म्हणजे काय असतं ते आमच्या जालन्यात येऊन बघा आणि मग बागेच्या गप्पा मारा. मोबाईलवर त्या बायका दाखवतात, हातात झारी, अंगावर इस्त्रीची साडी, मागं सगळं हिरवंगार. आग लागो त्या झारीला! आमच्याकडं नळ सांगून येत नाही, बोअर चैत्रातच गुळण्या टाकायला लागतो आणि टँकरवाला फोन उचलत नाही. भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला, तांदूळ धुतलेलं वांग्याला, फरशी पुसलेलं दारातल्या कडुनिंबाला. पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही. ही सवय चांगली की वाईट, ते आता मला सांगता येत नाही.

यंदा घरात दोन आजारी होते. एक आमचे सर आणि दुसरा मोगरा.

सर म्हणजे माझे मालक. आष्टीच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. अख्खं गाव सर म्हणायचं, म्हणून मीही सर म्हणायला लागले ते आजपर्यंत. थंडीच्या दिवसांत एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जन्मभर वर्ग गाजवलेला माणूस नुसता टकमक बघायला लागला. दवाखान्यातून घरी आणलं. व्यायाम शिकवायला बाई यायच्या, त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो यांनी डाव्या हातानं पलंगाखाली टाकून दिला. परत दिला, परत टाकला. भिंतीकडं तोंड करून पडायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, गोळ्या गोळ्यांचं काम करतील. पण त्यांना स्वतःहून उठावंसं वाटलं पाहिजे. पडून राहिले तर हातचे जातील." मी घरी येऊन न्हाणीत नळ सोडल्याचं नाटक करून रडले. नळाला पाणी नव्हतंच, नुसती हवा फुसफुसत होती.

मोगरा आष्टीचाच. शाळेच्या हौदाजवळ होता, त्याची फांदी सरांनी निवृत्तीच्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली. लोकांनी दिलेले हार बसमध्ये विसरले, फांदी मात्र मांडीवर धरून आणली. निळा ड्रम मधोमध कापून त्यात लावली, आमच्या पलंगाच्या खिडकीखाली, भिंतीला लागून. दर वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदनेच्या ताटात आमच्या घरचा मोगरा जायचा, विकतचा कधीच नाही. सर पहाटे उठून स्वतः तोडायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. झाड सुकल्यासारखं दिसलं की मी घाबरायचे, तेव्हा ते शिकवायचे, "पानाकडं बघून काय कळतंय? नखानं साल खरडून बघ. आत हिरवं दिसलं की जीव आहे. शेंड्याला नसलं तर खाली बघ, तिथं नसलं तर अजून खाली." वर्गात शिकवावं तसंच शिकवायचे, मला राग यायचा.

ऊन तापलं तसा अर्ध्या खिडकीत कूलर बसवला. बोअरचं पाणी त्यात ओतायचं, दिवसभर कूलर पीत राहतो, आपण ओतत राहायचं. संध्याकाळी टाकीतलं उरलेलं शिळं पाणी काढावं लागतं, नाहीतर वास मारतो. ते मी बादलीत काढून ठेवायचे. एका संध्याकाळी मी बादली उचलून मोरी धुवायला निघाले तर खिडकीतून आवाज आला, "आं! आं!" बघते तर सर डाव्या हातानं मोगरा दाखवत होते. डोळे मोठे केलेले, चुकलेल्या पोराकडं बघावं तसे.

"मोगऱ्याला घालू?" मी विचारलं.

मान हलवली. मी प्लास्टिकचा मग घ्यायला आत गेले तर हा माणूस पाय खाली सोडून बसलेला! मी काठी दिली, कमरेला धरलं. दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग ड्रमशेजारच्या स्टुलावर. डाव्या हातात मग दिला. अर्धं पाणी लुंगीवर सांडलं, अर्धं मोगऱ्याला गेलं. मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. "वा सर! वा!" म्हणून ओरडले. त्यांचं अर्धं तोंड हसलं.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की ते पाय खाली सोडून बसायचे. हळूहळू माझा हात नको झाला, काठीवर यायला लागले, मी स्वयंपाकाला आत गेले तरी स्टुलावर बसून राहायचे. व्यायामाच्या बाईही चकित झाल्या. म्हणाल्या, चेंडू राहू द्या, हाच व्यायाम बराबर आहे. शिळं पाणी वाया जात नव्हतं, झाड भिजत होतं, माणूस उठत होता. मला वाटलं, चला, आपल्या घरावरची साडेसाती उठली.

मग मोगऱ्याची पानं करपायला लागली.

आधी कडा तपकिरी झाल्या, मग पान आतपर्यंत वाळलं. मी म्हटलं, ऊन. वरून जुनी पांढरी साडी बांधली. पांढरी कीड दिसली, तो पिठ्या, कापूस चिकटल्यासारखा, फांद्यांच्या बेचक्यात. मेल्यांनो, अख्खी कॉलनी पडलीय, माझाच मोगरा सापडला का! साबणाचं पाणी केलं, निंबोळी तेल फवारलं, जुना टूथब्रश घेऊन एकेक फांदी घासली. मुंग्या त्या पिठ्याला पुन्हा वर चढवायच्या, मी पुन्हा घासायचे. पदर बांधून भर दुपारी त्या ड्रमशी भांडत बसायचे. डोक्यात भणभण व्हायची, पण सोडवत नव्हतं. मला दुसरंच दिसत होतं. मोगरा गेला की संध्याकाळी पाय खाली कशासाठी सोडायचे? मग माणूस भिंतीकडं तोंड करणार, आणि या खेपेला परत वळणार न्हाई.

शेजारीण केदारखेड्याची, माहेरी मेंढरं. तिनं भावाकडून लेंडीखत आणून दिलं. ते घातलं, तरी पानं गळतच राहिली. एक दिवस ती कुंपणावरून म्हणाली, "काय करून राह्यलीस गं उन्हात? मरशील. सोड त्याचा पिच्छा, पावसाळ्यात दुसरा लाव."

माझं डोकंच फिरलं. "तुझा नवरा आजारी पडला तर तू म्हणशील का गं, दुसरा लावते म्हणून?"

"माझा नवरा? त्याला तर आजच्या आज उपटते बघ!" ती खदखदा हसली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसू आवरलं. संध्याकाळी एक कळशी पाणी ओट्यावर ठेवून गेली. या दिवसांत कुणी कुणाला पाणी देत नाही.

कारण सापडलं ते कूलर धुताना. लाइट गेली होती, म्हटलं तेवढ्यात कूलरचं गवत काढून झटकावं. गवतावर पांढरा थर, कडक, पापडासारखा. टाकीच्या काठावर तोच. आणि खाली बघते तर मोगऱ्याच्या मातीवरही तोच थर, ड्रमच्या कडेनं पांढरी रेघ. मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट. नुसतं मीठ!

बोअरचं पाणी मुळातच खारं. दिवसभर कूलर त्यातलं पाणी हवेत उडवतो, खार खाली राहतो, आपण वरून परत खारं ओततो. संध्याकाळी जे उरतं ते पाणी न्हाई, विष. आणि तेच आम्ही रोज मोगऱ्याला पाजलं, तेही सरांच्या हातानं. पाणी वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून! जो कूलर सरांना गार ठेवत होता तोच मोगऱ्याला मारत होता.

सांगू कसं? तुम्ही स्वतःच्या हातानं मारलंत, असं सांगू? बोलता येत नाही त्या माणसाला, तो रडेल तरी कसा? मी ठरवलं, तोंड शिवून घ्यायचं.

मग माझी चोरी सुरू झाली. सर दुपारी झोपले की कूलरचं पाणी पाइप लावून मोरीत सोडायचं आणि बादलीत नळाचं, पिण्याच्या ड्रममधलं गोडं पाणी भरून ठेवायचं. संध्याकाळी सर येणार, मग भरून घालणार, मी टाळ्या वाजवणार. त्यांना काही कळत नाही असं मला वाटायचं. मातीतला खार धुऊन जायला पाणी भरपूर लागतं, आणि आमच्याकडं तर प्यायची मारामार. मी अंघोळ सोडली, ओल्या फडक्यानं अंग पुसायला लागले. धुणं साठवलं. रात्री तहान लागली तर चूळ भरून झोपायचे. वेड लागलंय मला, हे मला कळत होतं. पण बादली भरली की जरा हायसं वाटायचं.

वैशाखी पौर्णिमा आली. मोगऱ्याला कळी सोडा, पानसुद्धा मोजकंच. मी विकतचा मोगरा आणला, ताटात ठेवला, मेणबत्ती लावली, ताट सरांना दाखवायला नेलं. त्यांनी फुलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. जेवले नाहीत. दुपारभर मी त्यांच्या पाठीकडं बघत बसले. म्हटलं, संपलं. आपण हरलो. विहारात गेले तर वंदनेच्या मधल्या ओळीच विसरले.

परत आले तर सर पाय खाली सोडून बसले होते.

मला इतकं भरून आलं की चप्पल काढायची विसरले. बादली पुढं केली. घातलं पाणी. "वा सर!" मी ओरडले. म्हटलं, यांच्या मनात आशा आहे तर आपण का सोडायची?

पुढचे दिवस असेच गेले. राहिलेली पानं गेली, नुसत्या काड्या राहिल्या. मी स्वतःला सांगायचे, आत हिरवं असेल. खरडून बघायची मात्र हिंमत होत नव्हती. एकच नवीन त्रास सुरू झाला. हातपाय पुसताना त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात रोज घाण निघायची, तपकिरी, मातीसारखी. "कुठं उकरता हो माती? लहान आहात का?" मी करवादायचे. ते दुसरीकडं बघायचे. नख कापायला घेतलं तर मूठ आवळून घ्यायचे.

एका सकाळी भिंतीकडच्या बाजूनं मुंग्यांची रांग दिसली. ती बाजू कधी दिसत नाही, ड्रम भिंतीला लागून. स्टूल सरकवलं, ब्रश घेतला आणि वाकून मागं बघितलं.

मागच्या बाजूनं प्रत्येक फांदी खरडलेली होती. वेडेवाकडे ओरखडे, डाव्या हाताच्या नखाचे. शेंड्याकडचे ओरखडे जुने, काळे पडलेले. मग त्याच्याखाली. मग अजून खाली. रोज थोडं थोडं खाली येत बुंध्यापर्यंत. बुंध्याशी माती उकरून परत थापलेली, बोटांचे ठसे तसेच. तिथलाही ओरखडा बघितला. आत तपकिरी, कोरडं ठाक. हिरवं कुठंच नव्हतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मोगरा मेला हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. समोरच्या बाजूला एक ओरखडा नाही, का तर मला दिसू नये! आणि तरी हा माणूस रोज संध्याकाळी काठी टेकत, पाय ओढत यायचा, मेलेल्या काड्यांना पाणी घालायला. मी त्यांना फसवून राह्यले होते आणि ते मला!

मला राग आला, खरं सांगते. मी तहानेली झोपले आणि यांनी ते पाणी वाळल्या लाकडाला घातलं! ब्रश फेकला भिंतीवर. मग मिठाच्या त्या पांढऱ्या मातीवर डोकं टेकून हमसून हमसून रडले. शेजारणीनं कुंपणावरून बघितलं आणि हाक न मारता आत गेली.

दिवसभर मी घरकाम केलं. स्टूल परत जागेवर ठेवलं. खूप दिवसांनी पोटभर पाणी प्याले. संध्याकाळी कूलरचं शिळं खारं पाणीच बादलीत काढलं. आता त्या झाडाचं काय बिघडणार होतं?

"चला सर," मी दारातून हाक दिली, "मोगऱ्याला पाणी घालायचंय."

ते पाय खाली सोडून बसलेलेच होते. आले, स्टुलावर टेकले. मग भरला, हळूहळू कलता केला. सगळं पाणी बराबर बुंध्याशी गेलं, एक थेंब लुंगीवर नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांचं लक्ष मोगऱ्याकडं नव्हतंच. ते माझ्याकडं बघत होते, वाट बघत होते.

मी टाळ्या वाजवल्या. "वा सर," म्हटलं, "आज बिलकुल सांडलं न्हाई!"