रिकाम्या वॉर्डचा कौल

आधीच कबूल करते, तरुणपणी मी दीडशहाणी होते. रोह्याच्या एका छोट्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डची मुख्य सिस्टर झाले आणि मला वाटायला लागलं, देवी मला विचारूनच बायकांना कळा पाठवते. एकदा चार दिवस वॉर्ड रिकामा होता. रिकामा असला तरी दोघी नर्सनी थांबायचं, असा आमचा नियम. पण त्या सकाळी मी घरच्या देवीला कौल लावला, उजवं फूल पडलं तर आज कोणी येत नाही. उजवंच पडलं! फुलाला विचारून ड्यूटी लावणारी सिस्टर माझ्याआधी कोणी झाली नसेल.

माझ्या जोडीची नर्स सुनंदा म्हणाली, "ताई, दोघी लागतात."

"कोणासाठी गो? रिकामे पाळणे हलवायला? जा घरी, गडबची एसटी पकड."

ती गेली आणि अर्ध्या तासात खांब गावाकडच्या वाडीवरची एक पोर कळा देत रिक्षातून आली, सोबत सासू. बाळ भराभर बाहेर आलं, पण रडेना. इकडे आईचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. बाळाला श्वास द्यावा तर आई जाते, आईकडे वळावं तर बाळ. आयुष्यभर देवीला अटी घालणारी मी, त्या वेळी तोंडातून एवढंच निघालं, "आई, मला नाय जमत. तू बघ."

दार उघडलं. दारात सुनंदा! एसटीत बसल्यावर तिला आठवलं, डबा वॉर्डातच राहिला. घरी आपली सासू ओरडेल म्हणून उतरून परत आली होती. ती लगेच हात धुऊन आईकडे धावली, मी बाळाकडे. थोड्या वेळाने त्या चिमुरडीने असा भोंगा पसरला की त्या पोरीची सासू हसता हसता रडायला लागली, "व्हय गो बाय, वरड, वरड!" आईचं रक्तही थांबलं.

डबा सुनंदा विसरली की कोणी तिला विसरायला लावलं, यावर मी वाद घालत नाही. हात जोडते. आपले दोन हात अपुरे आहेत हे मनापासून मान्य केलं, तेवढीच माझी शरणागती.

संध्याकाळी चहा पिताना सुनंदाला कौलाचं सगळं सांगितलं. डोळे पुसत म्हटलं, "आज देवीच धावून आली गो."

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "आली ना? मग तिला सारखं धावाया लावू नका, ताई. पुढल्या टायमाला मलाच थांब म्हणा."