दुसरी स्प्रिंग

“दाबा. आता पाय काढा.”

बॉनेटखाली डोकं घालून मिस्त्री एवढंच म्हणायचे. आपण ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनाचा चढलेला आवाज खाली यायचा, आणि तो पुरता उतरेपर्यंत ते डोळे मिटून उभे राहायचे. पुन्हा दाबायला लावायचे, पुन्हा काढायला. गिऱ्हाईक कंटाळायचं, ते नाही.

नाशिकच्या द्वारका चौकातला गोंगाट तुमच्या कानांना ठाऊक असेल. त्यांचं गॅरेज तिथेच, मागच्या गल्लीत होतं. वडिलांची जुनी पेट्रोल गाडी मोडीत काढायला माझा जीव होत नव्हता आणि कार्बोरेटरला हात लावणारा माणूस आता शहरात शोधावा लागतो. तेवढ्यावर आमची ओळख झाली, आणि वाढली.

माणूस मिश्कील होता. थंडीत मी चोक ओढून तसाच ठेवायचो, तर म्हणाले, “सर, गाडीला पेट्रोल पाजताय की आंघोळ घालताय?” मग समजावून सांगितलं. कार्बोरेटरात हवा आणि पेट्रोल एकत्र होतं. चोक ओढला की वरची झडप मिटते, हवा कमी जाते, म्हणून थंड इंजिन चटकन सुरू होतं. खाली आणखी एक पातळ झडप असते. पायाने दाबलं की वायर तिला उघडते, गाडी पळते. पाय काढला की एक छोटी स्प्रिंग तिला मिटवते.

“गाडी पळवायला सगळं इंजिन लागतं,” ते म्हणाले, “आवरायला ही एवढीशी.”

त्या स्प्रिंगशेजारी ते नेहमी दुसरी लावायचे. कोणी सांगितलेलं नसायचं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “एक सुटली तर,” आणि हात पुसायला लागले.

बोलता बोलता रस्त्यावर एखादी गाडी उगाच रेस झाली की त्यांचा पाना हवेतच थांबायचा.  त्यामागचं कारण मला शेजारच्या टायरवाल्याने सांगितलं.

मिस्त्रींचा थोरला भाऊ बायकोला घेऊन मालेगावला, तिच्या माहेरी निघाला होता. चांदवडच्या पुढे, घाटाच्या उतारावर गाडी कठडा तोडून खाली गेली आणि पेटली. बायको बाहेर फेकली गेली म्हणून वाचली. त्या गाडीचा कार्बोरेटर आदल्याच दिवशी मिस्त्रींनी उघडून साफ केला होता. स्प्रिंग परत नीट अडकवली होती का, ते त्यांना आठवत नव्हतं. बघायला गेले तर कार्बोरेटर वितळून गेलेला. सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, वहिनी. आणि वहिनी त्यांच्याच घरात राहत होत्या, रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन गॅरेजवर येत होत्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. ते विचारत नव्हते, त्या सांगत नव्हत्या.

एका दुपारी मी तिथेच होतो. मिस्त्री जेवत होते, वहिनी बाकावर बसल्या होत्या. बाहेर कुठलीतरी रिक्षा रेस होत होती. मिस्त्री भाकरीचा तुकडा मोडून थांबले आणि डब्याकडे बघतच म्हणाले, “वहिनी, त्या दिवशी गाडीचा आवाज चढला होता का?”



“नाही भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांचा डोळा लागला होता.”

मिस्त्रींनी मान हलवली. तुकडा भाजीला लावला आणि खाल्ला. संध्याकाळी माझी गाडी दिली, तेव्हा तिच्यातही दोन स्प्रिंगा होत्या.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री वारले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या कॉलनीत गेलो. बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दुपारी मी तिथे होतो, हे त्यांच्या लक्षात होतं.

“आवाज चढला होता, सर,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांनी पाय काढला होता. तरी गाडी ओढतच होती.”

 मी विचारलं, की तुमचं उत्तर त्यांना खरं वाटलं होतं का?

“कोण जाणे. परत कधी विचारलं नाही त्यांनी.” पदराने त्यांनी तोंड पुसलं. “त्यांच्या हातात घास होता हो. मला एवढंच दिसलं. म्हटलं, आधी जेवू देत.”

पंगतीत कोणीतरी पाणी मागितलं. वहिनी पाण्याचा जग घेऊन उठल्या.